अकरा नंबरची खिडकी

"आलात का? किती वाट बघायला लावलीत."

बाळंतपणाची रजा संपवून मी सोमवारी कामावर हजर झाले आणि चौथ्या मजल्यावर, अकरा नंबरच्या पलंगापाशी, हे ऐकू आलं. बोलणाऱ्या बाईंना मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. साठीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या, केस घट्ट मागे बांधलेले. साखरेच्या आजारानं त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. चादर तिथं एकदम सपाट होत होती.

"काकू, आपण आधी भेटलोय का?"

"छे. पण तुम्ही त्याच ना, खिडकीचं विचारणाऱ्या?"

मला वाटलं, सिस्टरनी सांगितलं असेल. सिस्टरना मी येणार म्हणून आनंद झाला होता. सकाळीच त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून "निम्मी राहिलीस गं, पोरीनं खाल्लं की काय तुला" असं स्वागत केलं होतं. त्यामुळे मी फार विचार केला नाही. पलंगाशेजारचं स्टूल ओढलं आणि बसले.

माझं काम औषधांचं नाही. शरीराचं दुखणं बरं होत आलं तरी ज्यांचं मन अंथरुणातून उठत नाही, त्यांच्याशी बोलायचं, भीती आणि उदासी किती खोल गेली आहे याचा अंदाज घ्यायचा, गरज पडली तर मनोविकाराच्या डॉक्टरांना बोलवायचं. आणि घरी सोडताना कागदावर सही करायची, की हा माणूस घरी सुखरूप राहील. इतर प्रश्न छापील असतात. माझा म्हणून एकच होता, तो मी रोज विचारायचे: आज खिडकीतून काय दिसलं? फार बुडालेल्या माणसाला काचेवरचे डागच दिसतात. थोडं बरं वाटलं की कठडा दिसतो, मग समोरची गच्ची, मग लांबचं. नजर लांब गेली की माणूस घरी जायला तयार झाला, असा माझा सहा वर्षांचा अनुभव होता. मला त्याचा जरा अभिमानही होता.

"मग सांगा काकू, आज खिडकीतून काय दिसलं?"

त्यांनी डोळे वर केले, आठवत असल्यासारखे. मग म्हणाल्या, "काचेवर एक ओघळ वाळलाय. घड्याळाच्या काट्यासारखा. सहावर थांबलेल्या."

आणि थोडं थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी वहीत लिहीत होते, तिथं माझं पेन थांबलं. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. ह्याच पलंगावरून, अशाच थांबण्यासकट.

सात-आठ महिन्यांपूर्वी अकरा नंबरवर एक घड्याळजी होते. हृदयाची शस्त्रक्रिया झालेले, बायको गेलेली, मुलगा परगावी. आधी एक शब्द बोलायचे नाहीत. मग एके दिवशी त्यांनी खिडकीतलं सांगायला सुरुवात केली आणि पाच दिवसांत नजर अशी काही मोकळी झाली की मी खुशीत सही केली. मला तेव्हा आठवा महिना होता. घरी गेल्यावर त्यांनी औषधं सोडली. आठव्या दिवशी ते गेले. मुलाचा फोन आला होता, आवाज अगदी शांत होता. "तुम्ही तर ठीक आहेत म्हणाला होतात," एवढंच तो म्हणाला.

त्याच महिन्यात माझी रजा सुरू झाली. लोकांना वाटलं, बाळंतपणानं मी गप्प झाले आहे.

सोमवारी दुपारी मी माझं कपाट उघडलं. किल्ली माझ्याकडेच होती आणि माझ्या जागी इतक्या महिन्यांत कुणी आलं नव्हतं. जुनी वही जिथं ठेवली होती तिथंच, वर धुळीचा पातळ थर. पान उघडलं. 'काचेवर एक ओघळ वाळलाय. घड्याळाच्या काट्यासारखा. सहावर थांबलेल्या.' मी माणसांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घेते. अक्षरन् अक्षर तेच होतं.

घड्याळजीच्या तोंडी काटा शोभतो. ह्या काकूंचं काम शिवणाचं. चाळीस वर्षं पायमशीन चालवलेलं.

मी मनाशी म्हटलं, ओघळ आहे, दोघांनी पाहिला. वर जाऊन काच बघून आले. काच लख्ख होती. सफाईच्या मावशींनी सांगितलं, रंगकाम झालं तेव्हा सगळ्या काचा घासून काढल्या, महिना झाला.

मंगळवारी मी मुद्दाम घड्याळजींना भेटायचे त्याच वेळी गेले. दोन ते तीन विश्रांतीची वेळ असते. दिवे मालवतात, नातेवाइकांना बाहेर काढतात आणि अख्खा मजला पाण्याखाली गेल्यासारखा होतो. काकूंचे डोळे उघडे होते. जेवणाचं टेबल, ते चाकांवरचं, पलंगावर आडवं सरकवायचं, त्यांच्या छातीवर तसंच होतं आणि त्यावर सुपाचा वाडगा भरलेला.

"काहीच घेतलं नाहीत?"

"घेते सावकाश. विचारा ना."

मी विचारलं. डोळे वर गेले. "कठड्यावर कबुतर आलंय. एका पायानं लंगडतं. पण उडतं."

थांबल्या. माझ्याकडे बघितलं, आणि ओठांचा डावा कोपरा किंचित हसला.

घड्याळजी असेच हसले होते. मी तेव्हा कंसात लिहिलंही होतं, 'हसले'. माझ्या दंडावर काटा आला. त्याच वेळी, अशा वेळी नेमकं व्हायचं तसं, दूध दाटून आलं आणि मी वही छातीशी धरून उठले.

जिन्यापाशी काकूंची भाची भेटली. रोज कामावरून सुटून येणारी, हातात कायम काहीतरी पिशवी. "ताई, मावशी सुधारतेय ना? डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी सोडू, तुमची सही झाली की. मी मशीनला मोटर बसवून घेतली आहे. पाय नको, काही नको, नुसतं बटण. सांगितलं तर म्हणते, बरं झालं बाई. भांडली पण नाही."

"एरवी भांडतात?"

"मावशी? तिनं काढलेली खोड ऐकून गिऱ्हाईक उभ्या उभ्या कपडे बदलायचं. आता मला काही बोलतच नाही. गुणी झाली आहे एकदम." आणि ती हसायला गेली, पण हसू पुरलं नाही.

बुधवारी मी जायच्या आधी घड्याळजींचा तिसरा दिवस वाचून घेतला. वाचायला नको होता. काकूंनी डोळे वर केले आणि मी मनात शब्द म्हणत होते, त्या तोंडानं म्हणत होत्या. समोरच्या गच्चीवर. एक बाई. लहान मुलाचे कपडे वाळत घालते. पिवळं झबलं आहे.

घड्याळजींनी हे सांगितलं तेव्हा माझ्या पोटाकडे बघून सांगितलं होतं. मला केवढं बरं वाटलं होतं. ह्या वेळी मी स्टुलावर बसल्या बसल्या मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीवर आता दोरीच नव्हती. मी रजेवर असताना तिथं गच्चीभर सोलरचे काळे पत्रे बसवले होते, पाय ठेवायला जागा नाही. उन्हात ते एकसारखे चकाकत होते आणि काकू त्यांच्या दिशेला न बघता, वर बघत म्हणत होत्या, "पिवळं झबलं आहे."

"काकू, खरंच दिसतं का हो तुम्हाला ते?"

"दिसतं म्हणून तर सांगते," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता. बाळाला निजवताना असतो तसा.

खाली आल्यावर मी सिस्टरना विचारलं, माझ्याविषयी काकूंना त्यांनी काही सांगितलं होतं का.

"मी कशाला सांगू? तू येणार हेच मला रविवारी कळलं."

"त्यांना माझा प्रश्न माहीत होता."

सिस्टरनी तापाच्या नोंदी लिहिताना वर बघितलं. "झोप होते का तुझी?"

"होते."

"होते म्हणे. चेहरा बघ आरशात. ती बाई चांगली आहे, त्रास नाही, ओरडा नाही. परवा गाऊनचं बटण तुटलं तर सुईदोरा मागून स्वतः लावलं. जेवत नाही तेवढंच. घरी गेली की जेवेल. तू उगाच खोलात नको जाऊस."

गुरुवारी चौथं वाक्य आलं. लांब पाण्याच्या टाकीमागे रस्ता आहे, वळण घेऊन जातो, त्यावरून घरी जाता येईल. थांबणं, बघणं, सगळं जिथल्या तिथं. मला त्या शांत बाईंची भीती वाटू लागली होती, आणि त्यांच्यासाठीही. कारण पाचवं काय होतं ते मला पाठ होतं. पाचव्या दिवशी घड्याळजी म्हणाले होते, "आज काही दिसलं नाही. पण बरं वाटतंय." आणि त्या वाक्यावर मी सही केली होती. बाहेरचं बघायची गरजच उरली नाही, इतका माणूस बरा झाला, असा मी त्याचा अर्थ लावला होता.

घरी आले तर लेक रडत होती. सासूबाई दमल्या होत्या. "तासभर चाललंय. सगळं करून बघितलं, आजीचं नाचूनही झालं. आता तू बघ."

तिच्या पाळण्यावर आम्ही छतापासून लाकडी चिमण्या टांगल्या आहेत, पाच रंगांच्या, टोकदार चोची, काळे डोळे. मी त्या फिरवल्या. ती रडतच होती. पाळणा बाजूला सारून तिला चिमण्यांखाली जमिनीवर गादीवर घेतलं, तिच्याशेजारी आडवी झाले, थकले होते म्हणून नुसतीच वर बघत पडले. आणि तेव्हा पहिल्यांदा मला त्या चिमण्या खालून दिसल्या. चोची नाहीत. डोळे नाहीत. पाच गोल, रंग न दिलेली लाकडी पोटं, मधोमध खिळ्याचं भोक. सहा महिने माझी पोर रोज सकाळी डोळे उघडून हे बघत होती आणि आम्ही वरून म्हणत होतो, बघ बघ, चिमणी बघ.

नवरा दारात येऊन म्हणाला, "बरी आहेस ना गं?"

"बरी आहे," मी म्हटलं. लगेच, विचार न करता. माझा आवाज मला ओळखीचा वाटला, पण माझा वाटला नाही.

शुक्रवारी साडेनऊला काकूंना चाकाच्या खुर्चीतून व्यायामाच्या खोलीत नेलं होतं. पलंग मोकळा होता. सहा वर्षं मी ह्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले होते. मी चपला काढल्या आणि पलंगावर आडवी झाले, त्यांच्या उशीवर डोकं ठेवून.

खिडकीतून काही दिसत नव्हतं. कठडा नाही, गच्ची नाही, टाकी नाही, रस्ता नाही. खिडकीची चौकट उशीच्या वर इतकी उंच होती की पांढऱ्या आकाशाची एक पट्टी आणि एका पाइपाचं तोंड, बस. हे सगळं फक्त स्टुलावर बसणाऱ्याला दिसायचं. मला. सहा वर्षं मी आडव्या माणसांना माझी खिडकी विचारत होते, आणि ती बिचारी मला आवडेल ते शोधून काढून सांगत होती.

उठायला म्हणून मी टेबलाला हात लावला आणि ते चाकांवरून सरकून माझ्या छातीवर आलं. त्याच्या खालच्या बाजूला, पोटाला, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. इतकं बारीक आणि इतकं रेखीव की फक्त घड्याळं दुरुस्त करणाराच लिहील.

'ताई विचारतील, खिडकीतून काय दिसलं. जवळून लांब जायचं. घाई नाही. रोज एक.'

खाली आकडे, आकड्यापुढे अख्खं वाक्य. एक, काचेवर ओघळ. पुढे: 'इथं चार सेकंद थांबायचं. मग ताईंकडे बघायचं.' दोन, कबुतर. 'थोडं हसायचं, डावीकडून, जास्त नको.' तीन, पिवळं झबलं. 'ताईंना आवडेल.' चार, रस्ता.

जवळून लांब. हे त्यांना कुणी सांगितलं असेल? मीच. शिकाऊ डॉक्टर पोरांना त्यांच्याच पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून मी माझी पद्धत ऐटीत समजावली होती, आणि अंगावर चादर घेतलेला माणूस ऐकत नाही असं मी धरून चालले होते. त्यांना घरी जायचं होतं. जगायला नव्हे. मी त्यांना किल्ली दिली होती.

खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे भूत नाही, काही नाही. काकू तीन आठवडे इथं पडून हे वाचत होत्या, डोळे वर करून. म्हणून माझी वाट बघत होत्या. सुटायचा मार्ग त्यांनाही हाताशी मिळाला होता.

मग मी शेवटची ओळ बघितली. तिथं फक्त 'पाच' लिहिलं होतं. पुढे कोरं. पाचव्या दिवसाचं त्यांनी काही ठरवून ठेवलं नव्हतं. ते तेव्हा, आपलं आपण बोलले होते.

मी टेबल ढकलत बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवलं. आज त्यांना वर बघून वाचायला काही राहणार नव्हतं. आज त्या स्वतःचं काहीतरी बोलतील.

काकू परत आल्या. पाठोपाठ भाची, रिकामी बॅग घेऊन. सिस्टर दारात. "अकरा नंबरचे कागद तयार आहेत गं, तुझी सही तेवढी."

"पाच मिनिटं द्या," मी म्हटलं आणि दोघींना बाहेर थांबायला सांगितलं.

काकूंनी टेबल नाही हे बघितलं. मी स्टुलावर बसले आणि शेवटचं म्हणून विचारलं, "आज खिडकीतून काय दिसलं?"

त्यांचे डोळे वर गेले. तिथं रिकामं छत होतं. तिथेच बघत राहिल्या. मी मोजायला नको म्हणत होते तरी मोजत होते. चार सेकंद. मग माझ्याकडे बघितलं.

"आज काही दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "पण बरं वाटतंय."

पंखा फिरत होता. बाहेर भाची कुणाशीतरी गाडीबद्दल बोलत होती. हे वाक्य कुठं लिहिलेलं नव्हतं. माझ्या कपाटातल्या वहीत सोडून जगात कुठंच नव्हतं. आणि ते शब्दाला शब्द, त्याच थांबण्यानं, ह्या बाईंच्या तोंडून आलं होतं. जणू त्या जागी पोचलेल्या प्रत्येकाच्या हाती तेच वाक्य पडतं.

छापील प्रश्न आठवेनात. घरी लेक अशी टक लावून कुठंतरी बघायला लागली की मी जे करते, तेच केलं. स्टुलावरून उठले, पलंगाच्या कडेला गुडघे टेकले आणि माझं डोकं त्यांच्या उशीवर, त्यांच्या डोक्याशेजारी ठेवलं. त्यांना काय दिसतंय ते बघायला.

आकाशाची पट्टी. पाइपाचं तोंड.

"खरंच काही दिसत नाही हो इथून," मी म्हटलं.

काकूंचा श्वास थांबला. आणि मला कळलं की माझ्या गालाखाली काहीतरी टोचतंय. उशीच्या अभ्र्याच्या काठाला, दुमडपट्टीत, खडे असावेत तसं. मी बोट फिरवलं. पट्टीभर, एकेक कप्पा केलेला, प्रत्येक कप्प्यात गोल काहीतरी, आणि टाके इतके बारीक की बघूनही दिसू नयेत. रोज रात्री सिस्टर झोपेची गोळी हातावर ठेवत होत्या. बटण लावायला सुईदोराही त्यांनीच दिला होता.

मी डोकं उचललं नाही. त्यांनीही नाही. आमची नाकं एका वितीवर होती.

"शिवण कशी आहे?" काकूंनी विचारलं.

"सुंदर आहे."

"उजेड नव्हता फार."

"घरी गेल्यावर घेणार होतात?"

त्या म्हणाल्या, "मोटर बसवली आहे पोरीनं. बटण दाबलं की मशीन आपलं आपण चालतं म्हणे. मग मी कशाला हवी तिथं?" डोळे कोरडे होते. "ते टेबलावर लिहिणारे, घरी गेले ना?"

"गेले."

"मग?"

मी खोटं बोलू शकले असते. "आठ दिवसांत वारले, काकू. मी ओळखलं नाही."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे न ठरवता बघितलं असावं. बराच वेळ. "अक्षर किती छान होतं," त्या पुटपुटल्या.

"हे उसवू या का?"

"तुम्हाला नाही जमायचं. कापड फाडाल." त्यांनी कण्हत कूस बदलली, अभ्र्याचा काठ ओढून घेतला, नखानं एक टोक सोडवलं आणि दोरा एका दमात खेचला. आयुष्यभर केलेल्या कामाचा तो सरसर आवाज झाला. मी ओंजळ धरली. गोळ्या पडत गेल्या. त्या कोमट होत्या. इतके दिवस त्यांच्या डोक्याखाली निजलेल्या.

दार किलकिलं करून सिस्टर म्हणाल्या, "झाली का सही?"

"नाही," मी म्हटलं. "आज सोडायचं नाही. आणि मनोविकाराच्या डॉक्टरांना आत्ता बोलवा, फोन करून." सिस्टरनी माझी ओंजळ बघितली आणि तशाच फोनकडे धावल्या. मागे भाचीचा चेहरा दिसला. ती आत आली, बॅग जमिनीवर ठेवली आणि मावशीच्या उरलेल्या पायाशी बसली. तिनं घोट्यावर हात ठेवला.

"ही आता रडेल," काकू मला म्हणाल्या. "मोटर परत कर म्हणावं. गिऱ्हाईकाच्या कपड्यांची वाट लावेल ती."

"तूच सांग मला," भाची म्हणाली, आणि रडली.

डॉक्टर येईपर्यंत मी तिथेच होते, गुडघ्यांवर. काकूंनी छताकडे बघायला सुरुवात केली तशी मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आता मी दुसरं विचारते. ह्याचं उत्तर कुठं लिहिलेलं नाही. भीती वाटते का?"

त्या थांबल्या. मी मोजलं नाही. चार सेकंद कधीच होऊन गेले होते. पंख्याची फेरी, बाहेर कुणाचीतरी खोकल्याची उबळ, व्हरांड्यातल्या टेबलाचं एक चाक कुणाचा धक्का लागून कुरकुरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हसल्या नाहीत. ओठ थरथरले, मिटले, पुन्हा उघडले.

"हो," त्या म्हणाल्या. आवाज खरखरीत होता, मऊ नव्हता, आणि पाच दिवसांत मी तो पहिल्यांदाच ऐकत होते.

"मलाही," मी म्हटलं.